नमुना एकेचाळीस

"परत चारशे सत्याऐंशी!" भट्टीवाल्याने संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं. "काका, तुम्हीच सांगा, मी या आकड्याचं काय घोडं मारलंय हो?"

काजळीकाकांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं. काल चारशे चौऱ्याऐंशी आला होता, परवा चारशे नव्वद. हवा होता तीनशे एकाहत्तर.

"चारशे सत्याऐंशी," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. का येतोय, ते सांगा."

काकांनी यंत्रातली काचेची नळी काढली, फडक्यावर उपडी केली आणि हलकेच टिचकी मारून आतली राख झटकली. अलीकडे कोणी 'का' विचारलं की ते असंच काहीतरी हाताला लावून घेत.

आता हा आकडा म्हणजे काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. डिझेलच्या बसमधून काळा धूर बाहेर पडू नये म्हणून धुराच्या वाटेत एक गाळणी बसवतात. काजळी गाळणीत अडकते, हवा पुढे जाते. पण ही गाळणी काही चहाच्या गाळणीसारखी नळाखाली धरता येत नाही. ती भरली की बस धापा टाकायला लागते. आतल्या आत काजळी जाळून टाकावी, तर तिला सहाशे अंशांची धग लागते, आणि बसचा धूर बिचारा तीनशे-साडेतीनशेच्या वर तापत नाही. म्हणून गाळणीला आतून धातूच्या ऑक्साइडचा लेप द्यायचा. ही पूड स्वतः जळत नाही, संपत नाही, पण तिच्या संगतीत काजळी कमी आचेवर पेटते. किती कमी, हे शोधण्यात त्या प्रयोगशाळेच्या चौथ्या मजल्यावरची माणसं जन्म घालवत होती. पुडीत काय काय घालायचं ते मॅडम ठरवायच्या, भट्टीवाला ती भाजायचा, आणि काजळीकाका ती काजळीत मिसळून यंत्रात जाळून बघायचे. जितक्या अंशांना अर्धी काजळी जळून जाते, तो आकडा. जितका खाली, तितकं चांगलं.

काकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तेवढंच. सव्वीस वर्षं त्यांनी काजळी मिसळली होती. मिसळणं म्हणजे तरी काय? काचेच्या बशीत काजळी आणि पूड घ्यायची आणि बारक्या चमच्याने दोन मिनिटं नुसती हलवायची. दाबायचं नाही, रगडायचं नाही. कारण खऱ्या गाळणीत काजळी लेपावर येऊन नुसती बसते, तिला तिथे कोणी घोटत नाही. तेच मिश्रण खलात घालून घोटलं, की दोन्हींचे कण एकमेकांत रुततात आणि आकडा शंभर-सव्वाशेने खाली उतरतो. दिसायला झकास, बसच्या कामाला शून्य. असा घोटलेला आकडा साध्या मिसळीचा म्हणून खपवणाऱ्याला या कामात कोणी दारात उभं करत नाही. काकांच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. पाहुणे आले की मॅडम त्यांना काकांच्या टेबलापाशी आणून सांगायच्या, "आमच्याकडे सगळी यंत्रं बिघडतात, यांचा हात सोडून."

आणि हा हात पाच आठवड्यांनी निवृत्त होणार होता.

सात आठवड्यांपूर्वी एकेचाळीस नंबरच्या नमुन्याने तीनशे एकाहत्तर दाखवला, तेव्हा मॅडम अक्षरशः उडाल्या होत्या. विटकरी रंगाची साधी पूड, आणि एवढा खाली आकडा! त्यांनी बसवाल्या कंपनीच्या इंजिनिअरला गाठलं, त्याच्या मागे लागून लागून एक बस कबूल करून घेतली. एकच बस, पण खरी, रस्त्यावर धावणारी. फक्त त्याआधी आकडा पुन्हा एकदा काढून दाखवायचा, असं ठरलं. तिथेच गाडी अडली. तीन आठवड्यांत पूड सहा वेळा नव्याने केली आणि सहाही वेळा आकडा चारशे ऐंशी-नव्वदच्या घरात. मॅडमनी वजनं तपासली, रसायनांच्या बाटल्या बदलल्या, शेवटी संशय भट्टीवर येऊन थांबला. भट्टीवाला कंत्राटावरचा माणूस. महिनाअखेरीला त्याचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, ते मॅडमच्या शेऱ्यावर ठरायचं होतं.

"माझी भट्टी म्हणजे, काका, माझ्या बायकोपेक्षा वेळेवर तापते," भट्टीवाला म्हणाला, आणि जीभ चावली. "म्हणजे... तसं नाही हो. तुमच्यापुढे काय बोलतोय मी."

"बोल की," काका म्हणाले.

त्यांना खरंच काही वाटलं नव्हतं. बायको गेल्याला सात आठवडे होऊन वर काही दिवस झाले होते, आणि लोक अजून त्यांच्यासमोर शब्द जपून वापरत. शेजारीण गळ्यात पडून रडली, तेव्हा काकांच्या मनात एवढंच आलं की हिची बाही ओली आहे, भांडी घासता घासता आली असावी. गेल्या महिन्यात दाढ काढली. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? काकांना जरा विचार करावा लागला. रोज दुपारी लेकीचा फोन यायचा, आणि काय जेवलात म्हणून तिने विचारलं की काका डब्याचं झाकण उघडून आत काय चिकटलंय ते बघून सांगायचे.

"काका, एक करा ना," भट्टीवाला खुर्ची ओढून जवळ आला. "त्या पहिल्या एकेचाळीसचं उरलेलं मिश्रण तुम्ही ठेवलं असेल. तुम्ही सगळं ठेवता. तेच परत जाळून बघा. परत तीनशे एकाहत्तर आलं तर यंत्र ठीक आहे आणि पाप माझ्या भट्टीचं. मग मी मुकाट्याने चालू लागतो. आज तीन वाजता तो बसवाला येतोय, त्याच्याआधी काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

काकांनी मान हलवली. भट्टीवाला खाली गेला.

उरलेली मिश्रणं बोटाएवढ्या बाटल्यांत, खिडकीशेजारच्या कपाटात होती. काकांनी एकेचाळीस काढली आणि खिडकीशी धरून एक टिचकी मारली.

चमच्याने हलवलेलं मिश्रण कसं दिसतं, ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. काळ्यात विटकरी ठिपके दिसतात, बाटली तिरकी केली की ते वेगवेगळे घरंगळतात. या बाटलीत ठिपका म्हणून नव्हता. आत सगळं एकसारखं होतं, काळपट तपकिरी, काचेला गुळगुळीत चिकटलेलं.

हे घोटलेलं होतं. कोणी घोटलं? या टेबलावर दुसऱ्या कोणाचा हात लागत नव्हता.

काकांनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चमच्याने, दोन मिनिटं.' तारीख पाहिली. बायको गेल्यावर ते ज्या दिवशी पहिल्यांदा कामावर आले, ती तारीख. पाचवा दिवस. घरी बसून काय करू, असं म्हणून आले होते. त्या दिवसातलं त्यांना काहीच आठवेना. मोजे न घालताच बूट चढवले होते आणि टाच सोलून निघाली होती, तेवढं आठवत होतं.

ते बाटली घेऊन बेसिनपाशी जाऊन उभे राहिले. नळ सोडला असता तर अर्ध्या मिनिटात बाटली लख्ख झाली असती. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. पाच आठवडे काढायचे, निरोपाच्या दिवशी मॅडम त्या हाताविषयी दोन शब्द बोलणार, टाळ्या होणार, संपलं. नाहीतर सव्वीस वर्षांची सगळी अब्रू या एका बाटलीपायी मातीत जाणार. त्या हाताशिवाय आता त्यांच्याकडे होतं तरी काय? घरी दोन खोल्या, एक रिकामा पलंग. आपण घाबरायला हवं, असं काकांना वाटलं. त्यांनी वाट पाहिली, पण भीतीसुद्धा आली नाही. खिशात फोन वाजू लागला.

"बाबा, जेवलात का?"

"अजून नाही."

"दीड वाजलाय! बरे आहात ना?"

"आहे."

"नुसतं 'आहे' काय म्हणता? इकडे या म्हटलं तर येत नाही. तिथे एकटे बसून काय करता हो?"

"काम आहे गं."

"ते काम एक तुमच्याविना अडतंय," लेक चिडून म्हणाली. "बरं, जेवून घ्या आधी."

काकांनी नळ सोडला नाही आणि बाटली परत कपाटातही ठेवली नाही. ती खिशात टाकून ते जिना उतरून खाली भट्टीच्या खोलीत गेले. का गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

भट्टीवाल्याने भट्टी पार सोलून काढली होती. दार उतरवलेलं, आतल्या पांढऱ्या विटा एकेक करून जमिनीवर मांडलेल्या, आणि हा पठ्ठ्या कमरेपर्यंत आत शिरून बॅटरी मारून बघत होता. पायांचा आवाज ऐकून तो बाहेर आला. भुवयांवर भुगा बसला होता. चेहरा पडलेला.

"सापडलं, काका," तो म्हणाला. "दाराशी भेग आहे. केसाएवढीच आहे, पण आहे. माझंच चुकलं. मी उगाच आकड्याच्या नावाने शंख करत होतो."

काकांनी वाकून भेग पाहिली. असली भेग प्रत्येक भट्टीला असते, तिने पाच अंशांचाही फरक पडत नाही. हे भट्टीवाल्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण तीन आठवडे सगळ्यांनी बोट दाखवल्यावर त्याने स्वतःच स्वतःचा गुन्हा शोधून काढला होता.

"मॅडमना सांगितलंस?"

"आत्ताच फोन केला. म्हणाल्या, प्रामाणिकपणे सांगितलंस ते बरं केलंस. पण लिहावं तर लागेल म्हणाल्या." तो विटेवरची धूळ बोटाने पुसू लागला. "त्यांचं तरी काय चुकलं? बावीस वर्षं भट्ट्या लावतोय मी. भेग दिसायला नको मला?"

काका वळले आणि जिना चढले. चौथ्या मजल्यापर्यंत एकदाही थांबले नाहीत, आणि वर पोचल्यावर त्यांना चांगलाच दम लागला.

मॅडम भट्टीवाल्याच्या कंत्राटाचं पत्रच लिहीत होत्या.

"मॅडम, भट्टी ठीक आहे."

"काका, भेग निघालीय. त्याने स्वतः कबूल केलंय."

"भेग आहे. पण चूक तिची नाही. एकेचाळीस मी घोटला होता."

मॅडम चक्क हसल्या. "काका, त्याला वाचवायला काहीही सांगाल होय? तुम्ही आणि घोटणार?"

काकांनी खिशातली बाटली काढून अर्ध्या लिहिलेल्या पत्रावर ठेवली. मॅडमनी ती उचलली, उजेडात धरली, तिरकी केली. त्यांचं हसू गेलं.

"वहीत तर चमच्याने लिहिलंय."

"वहीत मी सकाळी आल्या आल्या लिहून ठेवतो. रोज तेच तर असतं."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "सहा वेळा पूड केली मी, काका! सहा वेळा! त्या माणसाला चोरासारखं उभं केलं सगळ्यांपुढे. आणि तीन वाजता तो येणार, त्याला मी काय सांगू?" त्यांचा आवाज चढला तसा त्यांनी तो आवरला. "पण का? खल तुमच्या टेबलावर नसतोसुद्धा. कपाटातून मुद्दाम काढावा लागतो. मग काढलात का?"

माहीत नाही, असं सांगायला काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. हात टेबलावर होता आणि गोल फिरत होता. मूठ वळलेली, अंगठा दाबून धरलेला. दुसऱ्या कोणाचा असावा तसे ते त्या हाताकडे बघत राहिले.

"गोळ्या," ते म्हणाले.

"कसल्या गोळ्या?"

"हिला गिळता येत नव्हतं. शेवटचे आठ महिने नाकातून नळी होती. दिवसाला अकरा गोळ्या, त्या घोटून, पाण्यात कालवून नळीतून द्यायच्या. दुपारच्यासुद्धा मी सकाळीच घोटून ठेवायचो, शेजारीण द्यायची. एक कण राहिला तरी नळी तुंबते. मग ती काढून नवी घालायची, आणि ती घालताना हिला फार..." ते थांबले. "म्हणून बारीक करायचो. बोटाला कण लागेनासा होईपर्यंत. ती गेली, आणि पाचव्या दिवशी मी इथे आलो. समोर पूड होती. हाताला कोणी सांगितलंच नसणार."

पडद्यावरचे आकडे वाचून दाखवावेत तशा आवाजात ते हे बोलले. मॅडम खाली बसल्या. त्यांनी पत्राचे दोन तुकडे केले, मग चार केले, आणि ते टोपलीत टाकले.

"मी सांगते त्यांना," त्या म्हणाल्या. "मापनात त्रुटी राहिली होती म्हणेन. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"नको. मी घोटलंय, मी सांगतो."

तीन वाजता बसवाल्या कंपनीचा इंजिनिअर आला. नखांत तेलाची काळी रेघ, बगलेत फाइल. काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, गोळ्यांचं सोडून. माझ्या हातून मिश्रण घोटलं गेलं, तो आकडा खोटा आहे, पुडीचा किंवा भट्टीचा दोष नाही. इंजिनिअरने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग खरा आकडा किती?"

"चारशे सत्याऐंशी."

"आमची बस भरलेली असताना चढावर जीव काढते, तेव्हा कुठे साडेतीनशेला जाते." त्याने फाइल मिटली. "मॅडम, मग बस नाही देता येणार. तुम्हीच समजून घ्या." दारापाशी तो थांबला. "आधी कळलं ते एक बरं झालं. भर रस्त्यात गाळणी तुंबून बस बसली असती, तर सगळ्यांनी मलाच फाडून खाल्लं असतं."

मॅडम त्याला पोचवायला खाली गेल्या. परत आल्या त्या थेट आपल्या खोलीकडे निघाल्या. वर्षभराचं काम होतं त्यांचं. जाता जाता काकांच्या टेबलापाशी त्यांचं पाऊल अडखळलं, पण त्या थांबल्या नाहीत.

काका भट्टीच्या खोलीत गेले. भट्टीवाल्याला बातमी लागली होती.

"तीन आठवडे, काका," तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "घरी पोरांवर खेकसलो. जेवण उतरत नव्हतं घशाखाली."

"हो."

"हो काय हो?"

काका जमिनीवर बसले आणि एक वीट उचलून त्याच्यापुढे धरली. भट्टीवाल्याने जरा वेळाने ती घेतली, भट्टीत बसवली, आणि न बघताच पुढच्या विटेसाठी हात मागे केला. सगळ्या विटा लागेपर्यंत दोघांचं हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम नव्या पुडीची डबी घेऊन आल्या. नमुना अठ्ठेचाळीस. त्यांचे डोळे सुजलेले होते. डबी त्यांनी नेहमीसारखी काकांच्या पुढ्यात ठेवली आणि निघाल्या.

"मॅडम," काका म्हणाले. "मी मिसळत असेन तेव्हा माझ्यापाशी कोणीतरी उभं राहत जा. आता माझा भरवसा नाही."

मॅडमनी क्षणभर विचार केला. मग एक स्टूल ओढून त्या काकांच्या शेजारीच बसल्या, पण त्यांच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून. मांडीवर कागद घेतले आणि वाचू लागल्या.

काकांनी काजळी तोलली, पूड तोलली, दोन्ही काचेच्या बशीत घेतलं, चमचा हातात धरला आणि घड्याळ लावलं. काळ्यात फिकट ठिपके हळूहळू पसरू लागले. एक मिनिट झालं. चमचा बशीच्या कडेने फिरत होता आणि मध्येच हात खाली दाबू बघत होता. काकांनी तो उचलून धरला. परत फिरवला. हात परत दाबू बघत होता, अगदी हळू, कोणाला दुखू नये म्हणून जपून करावं तसा. काकांनी परत उचलून धरला. मग चमचा थांबला.

खोलीत यंत्राची घरघर चालू होती. मॅडमनी एक पान उलटलं.

"मॅडम," थोड्या वेळाने काका म्हणाले. चष्मा त्यांनी काढून ठेवला होता. "हा नमुना वाया गेला."

"काय झालं, काका?"

"पाणी पडलं त्यात."

मॅडमची मान किंचित ताठ झाली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"दुसरा घ्या," त्या म्हणाल्या. "पूड भरपूर आहे. सावकाश घ्या."